विद्यार्थ्यासाठी क्लॅरिओनेट कसे निवडावे

तुळशीची लग्ने लागली की बऱ्हाणपूरचे रस्ते संध्याकाळनंतर बँडच्या स्वाधीन होतात. शनवारा दरवाजाजवळ एखादी वरात अडली म्हणजे वाहने खोळंबतात, यंत्रमागाच्या पाळीवरून सुटलेले कामगार घटकाभर कडेला उभे राहतात, आणि दिव्यांच्या झगमगाटात वाजंत्र्यांचा ताफा पुढे सरकतो. ढोल-ताशांचा दणदणाट कोणालाही ऐकू येतो. परंतु त्या दणदणाटावर तरंगणारी, माणसाच्या गळ्यासारखी वळणे घेणारी जी एक सुरांची रेघ असते, ती बहुधा त्या काळ्या, चंदेरी चाव्यांनी मढविलेल्या क्लॅरिओनेटची असते. कडेच्या पोरांपैकी एखाद्याची नजर त्या वाद्यावरच खिळून राहते. मग महिना-दोन महिने घरात एकच हट्ट चालतो, आणि अखेर बाप म्हणतो, "बरं, बघू."

या 'बघू'पासून खरी अडचण सुरू होते. तबला किंवा हार्मोनियम घ्यावयाची झाल्यास सल्ला देणारा कोणी ना कोणी गल्लीत सापडतो. क्लॅरिओनेटविषयी सांगणारा माणूस सहसा सापडत नाही. दुकानातील वाद्ये सगळी सारखीच काळी आणि सारखीच चकचकीत असतात; किमती मात्र काही हजारांपासून लाखाच्या पलीकडे जातात. यंत्रमागावर राबणाऱ्या घरात त्यांतील सर्वांत स्वस्त वाद्यासाठीदेखील चार ठिकाणी हात आखडावा लागतो. तेव्हा चकाकी आणि किंमत पाहून एक डबा घरी येतो, आणि मुलगा फुंकू लागतो.

यापुढे जे घडते ते पुष्कळ घरांत एकाच प्रकारे घडते. खालचे सूर निघत नाहीत, वरचे किंचाळतात, आणि मुलाची समजूत अशी होते की आपल्यालाच हे जमत नाही. सतारीची तार तुटली तर ती डोळ्यांना दिसते, तबल्याची शाई उडाली तर तीही दिसते. क्लॅरिओनेटमधून केसाएवढ्या फटीतून वारा गळत असेल तर तो दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. दोष वाद्याचा असतो आणि शिक्षा मुलाला होते. सहा महिन्यांनी तो डबा कपाटावर जाऊन बसतो. वाद्याची निवड ही केवळ पैशाची बाब नव्हे, असे म्हणावयाचे ते यासाठी.

हे वाद्य मूळचे आपल्याकडचे नव्हे. सुमारे १७०० साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी योहान क्रिस्टॉफ डेन्नर नामक वाद्यकाराने शालुमो या साध्या जुन्या वाद्यात सुधारणा करून ते सिद्ध केले. हिंदुस्थानात ते आले ते पलटणीच्या बँडबरोबर. पलटणींतून ते संस्थानिकांच्या दरबारी बँडांत गेले, आणि तेथून लग्नाच्या वरातीत आले. या प्रवासात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा वाटा मोठा आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचावयास शिकवीत. त्यामुळे बँडमास्तर हवा म्हटला की देशभर गोव्याच्या माणसाचा शोध होई. पुढे मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदही अशाच वादकांनी भरलेले होते. दुसरीकडे दक्षिणेत क्लॅरिओनेटने थेट शास्त्रीय संगीताच्या बैठकीत प्रवेश केला. तमिळनाडूचे ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतात या वाद्यास प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरचे पंडित नरसिंहलु वडवाटी यांनी त्यावर ख्यालाच्या अंगाने राग मांडले. वरातीतील वाद्य म्हणून जे त्याला कमी लेखतात, त्यांनी ही नावे ध्यानात ठेवावीत.

आता वाद्याच्या पोटात डोकावावयास हवे. कारण ते वाजते कसे हे कळल्यावाचून ते निवडावे कसे हे कळणार नाही. बासरी दोन्ही टोकांस उघडी असते. सनईची पोकळी खाली रुंदावत जाते. या दोहोंवर जोर देऊन फुंकले असता तोच स्वर वरच्या सप्तकात निघतो. बोटे तीच राहतात. क्लॅरिओनेटची गोष्ट निराळी आहे. त्याची पोकळी वरपासून जवळजवळ खालपर्यंत सारख्याच व्यासाची असते, आणि वरचे टोक वेताच्या पत्तीने बंद झाल्यासारखे असते. त्यामुळे मंद्र षड्ज वाजवीत असता अंगठ्याजवळची चावी उघडली, तर मध्य षड्ज निघत नाही. निघतो तो मध्य पंचम. सप्तक ओलांडून आणखी पाच स्वरांची ही उडी आहे. मधली जागा भरून काढण्यासाठी जादा भोके आणि जादा चाव्या बसवाव्या लागतात. म्हणूनच ते वाद्य एवढे लोखंडी जाळे अंगावर बाळगते, आणि म्हणूनच बासरी वाजविणाऱ्याला ते प्रथम परके वाटते.

या उडीमुळेच विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. खालच्या टप्प्याचा शेवटचा स्वर वाजतो तेव्हा जवळजवळ सर्व बोटे मोकळी असतात. त्याच्या लगतचा, वरच्या टप्प्याचा पहिला स्वर काढावयाचा तर अंगठ्याची चावी दाबून एकदम सर्व भोके झाकावी लागतात. ऐकणाऱ्याला हे केवळ शेजारच्या स्वरावर जाणे वाटते. वाजविणाऱ्याला मात्र ओसाड घरातून भरल्या घरात पाऊल टाकावे तसे होते. या ठिकाणी एकाही भोकाची गादी नीट बसत नसेल, तर स्वर न निघता किंचाळी निघते. मुरलेला वादक ओठ आणि श्वास यांच्या बळावर ती गळती झाकून नेतो. शिकणाऱ्यापाशी ते बळ नसते. यातून एक गोष्ट निघते, ती प्रथमदर्शनी उलटी भासेल: उस्तादाच्या हाती गळके वाद्य चालू शकते, नवशिक्याच्या हाती मुळीच चालत नाही. आणि आपल्या घरांतून रीत अशी, की "आधी शिकू दे, मग चांगले घेऊ." सायकलच्या बाबतीत ही रीत शहाणपणाची असेल. येथे तिचा उपयोग नाही.

गळती तपासण्याची युक्ती सोपी आहे, आणि ती करावयास संगीत यावे लागत नाही. वाद्याचे वरचे खोड वेगळे काढावे. त्यावरील भोके डाव्या हाताच्या बोटांनी, जशी वाजविताना झाकतात तशी झाकावीत. खालचे तोंड उजव्या तळहाताने घट्ट बंद करावे. आणि वरच्या तोंडातून आतला वारा ओढून घ्यावा. खोड चांगले असेल तर ओठ तेथे चिकटल्यासारखे होतात, काही क्षण तो ताण टिकतो, आणि तोंड बाजूला घेताच बाटलीचे बूच उघडावे तसा आवाज होतो. ओढलेला वारा लगेच परत येत असेल, तर कोठे तरी फट आहे. ती कोणत्या चावीखाली आहे हे पाहावयाचे असल्यास पतंगाच्या पातळ कागदाची बारीक पट्टी कापून गादीखाली सरकवावी, चावी मिटू द्यावी आणि पट्टी हळूच ओढावी. ती सर्व बाजूंनी सारखीच अडली पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाली तर गादी तिरकी बसली आहे असे समजावे. हीच परीक्षा खालच्या खोडाचीही करावी. एखाद-दुसऱ्या गादीची गळती कारागीर थोड्या खर्चात दूर करतो. परंतु नव्या वाद्यात चार-चार गाद्या तिरक्या असतील तर ते वाद्य घडविणाऱ्याने निष्काळजीपणे घडविले आहे, आणि तसा निष्काळजीपणा एकाच जागी थांबत नाही.

चाव्यांकडेही पाहावे. त्या दाबल्यावर चटकन परत आल्या पाहिजेत, आणि चिमटीत धरून आडव्या हलविल्या असता खुळखुळता कामा नयेत. चांगल्या वाद्याच्या चाव्या जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूच्या असतात. तो वाकतो, पण कारागिराच्या हाती पुन्हा सरळही होतो. अगदी स्वस्त वाद्यांत ओतीव, ठिसूळ धातूच्या चाव्यांवर चकाकणारा मुलामा चढविलेला असतो. त्या सरळ करू जाता काटकन मोडतात. मुलाच्या दप्तराशी वाद्याची टक्कर व्हावयाचीच. तांबडी, निळी, पांढरी अशी रंगीत क्लॅरिओनेटेही हल्ली विकावयास असतात. रंग हा काही दोष नव्हे. पण जेथे रंगावर एवढी मेहनत झाली आहे तेथे गाद्यांवर किती झाली असेल, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःस अवश्य विचारावा.

आता बोटांच्या पद्धतीचा प्रश्न. क्लॅरिओनेटच्या दोन पद्धती आपल्याकडे भेटतात, आणि दुकानदार त्याविषयी आपण होऊन क्वचितच बोलतो. ब्रुसेल्स शहरच्या यूजेन आल्बेर या वाद्यकाराच्या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत आपल्या बँडवाल्यांत 'सिंपल सिस्टिम' म्हणून परिचित आहे. दुसरी बोएम पद्धत होय. बोएम हा वस्तुतः जर्मन बासरीवादक. त्याने बासरीसाठी योजिलेल्या कड्यांचे तत्त्व पॅरिसच्या क्लोझे या शिक्षकाने आणि ब्यूफे या कारागिराने १८३९ च्या सुमारास क्लॅरिओनेटला लावले. जगातील बहुतेक छापील पाठ्यपुस्तके आज बोएम पद्धतीला धरून असतात. तथापि जुनी पद्धत मेली असे समजण्याचे कारण नाही. तिच्यात भोकांवर कडी कमी असल्याने बोट अलगद सरकवून स्वर घसरवीत नेणे सोपे जाते. तुर्कस्तानातील वादक याच कारणासाठी तिला चिकटून राहिले आहेत, आणि आपल्या मींडकामालाही ती मानवते.

मग विद्यार्थ्याने कोणती घ्यावी? जी त्याच्या गुरूच्या हाती असेल ती. बऱ्हाणपुरात मुलगा जर एखाद्या जुन्या बँडमास्तरांकडे शिकणार असेल आणि मास्तरांची बोटे सिंपल सिस्टिमवर मुरलेली असतील, तर त्याच्यासाठी आणलेले भारी बोएम वाद्य दोघांनाही मुके करील. मास्तर दाखवितील त्या जागी चावीच नसेल. उलट मुलाला शाळेच्या वा पोलीस बँडमध्ये जावयाचे असेल, पुस्तकावरून आणि परीक्षांच्या वाटेने शिकावयाचे असेल, तर बोएमशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आधी गुरू ठरवावा आणि मग दुकानाची पायरी चढावी. हा क्रम पुष्कळ जण उलटा करतात.

यानंतर स्वराच्या उंचीचा एक जुना सापळा आहे. विशेषतः जुने वाद्य घेणाऱ्याने तो जाणून घेतला पाहिजे. ब्रिटिश पलटणींचे बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या स्वरात मिळविलेले असत. त्यांच्या 'ए' या स्वराची कंपने सेकंदाला सुमारे ४५२ धरीत. १९३९ साली लंडनच्या परिषदेत हा स्वर ४४० कंपनांचा असावा असे ठरले, आणि आजची बहुतेक वाद्ये त्याच मापाची असतात. फरक पाहू गेल्यास कोमल आणि शुद्ध स्वर यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्मा. गाणाऱ्याच्या कानाला तो असह्य होतो. अशी चढ्या स्वराची जुनी क्लॅरिओनेटे उत्तम लाकडाची आणि उत्तम बांधणीची असू शकतात, दिसावयास देखणी असतात, आणि जुन्या बाजारात आजही हाती लागतात. काहींवर 'एच. पी.' अशी अक्षरे कोरलेली असतात. पुष्कळांवर काहीच नसते. बॅरल बाहेर ओढून स्वर उतरवू म्हटले तर वरचे स्वर अधिक उतरतात, खालचे कमी, आणि सगळे सप्तकच वाकडे होते. असे वाद्य काचेच्या कपाटात शोभेल. विद्यार्थ्याला ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. भ्रमणध्वनीवर स्वर मोजण्याची साधने हल्ली फुकट मिळतात. वाद्य थोडा वेळ फुंकून ऊबदार झाल्यावर दहा-बारा स्वर त्यावर ताडून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

स्वराचा विषय निघाला आहे तर आणखी एक खुलासा येथेच करणे बरे. दुकानात बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट अशी दोन क्लॅरिओनेटे दाखवितात. बी-फ्लॅट सुमारे सव्वादोन फूट लांब. ई-फ्लॅट आखूड आणि तीक्ष्ण आवाजाचे. वरातीत ते गोंगाट भेदून ऐकू जाते, आणि ते लहान म्हणून लहान मुलाला चांगले, असा समज होतो. पण त्यावर स्वर सांभाळणे अधिक कठीण असते. सुरुवात बी-फ्लॅटवरच व्हावी. यावर 'सी'ची बोटे ठेवून फुंकले असता हार्मोनियमवरील काळी पाच हा स्वर निघतो. वाद्य बिघडले आहे असे वाटून काही पालक याच कारणाने दुकानदाराशी भांडतात. तो वाद्याचा धर्मच आहे.

लाकूड की प्लास्टिक, हा वाद मात्र बऱ्हाणपुरात बसून बऱ्हाणपूरच्या हवेप्रमाणेच सोडविला पाहिजे. उत्तम क्लॅरिओनेटे पूर्व आफ्रिकेच्या काळ्या लाकडाची करतात. टांझानिया व मोझांबिक येथे वाढणारा हा वृक्ष आपल्या शिसवीच्याच कुळातला. त्याचे लाकूड इतके दाट की पाण्यात टाकले तर बुडते. त्याचा नाद गोड असतो यात शंका नाही. पण लाकूड ते लाकूडच. वाजविताना आतून श्वासाचा ओलावा लागतो, बाहेरून हवा कोरडी असते; आतला थर फुगतो, बाहेरचा आकसतो, आणि बहुधा वरच्या खोडाला भेग जाते. तापीच्या काठी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवेतून पाण्याचा अंश नाहीसा होतो, आणि पावसाळा लागताच तीच हवा ओलीचिंब होते. दरवर्षी हा हेलकावा सोसणे नव्या लाकडाला जड जाते. नव्या लाकडी वाद्याला पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटांहून अधिक फुंकू नये असा नियम आहे. हौसेने पेटलेल्या मुलाला तो कोण पाळावयास लावणार?

म्हणून पहिल्या चार-पाच वर्षांसाठी चांगल्या प्रतीच्या कठीण प्लास्टिकचे किंवा एबोनाइटचे वाद्य घ्यावे. यात कमीपणा काहीच नाही. जपानच्या यामाहासारखे नामांकित उत्पादक विद्यार्थ्यांसाठी जी क्लॅरिओनेटे करतात ती प्लास्टिकचीच असतात. स्वराचा गोडवा, निदान शिकण्याच्या वयात, लाकडापेक्षा पत्ती, माउथपीस आणि श्वास यांवर पुष्कळ अधिक अवलंबून असतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर. ते उन्हात ठेवले तर काळ्याचे हिरवट-तपकिरी होते, आणि घासले असता गंधकाचा वास येतो. जुने वाद्य लाकडाचे म्हणून विकले जात असेल तर या खुणेवरून खरे-खोटे कळते.

माउथपीसविषयी पालकांना कोणी काही सांगत नाही, आणि बहुतेक वेळा घोटाळा तेथेच असतो. डब्याबरोबर येणारे माउथपीस पुष्कळदा कामचलाऊ असते. ज्या सपाटीवर पत्ती टेकते ती सपाटी खरोखर सपाट हवी, टोकाची कड सारख्या जाडीची हवी आणि तिला एकही टवका उडालेला नसावा. ठरविलेल्या रकमेतून थोडा भाग बाजूला काढून एक चांगले माउथपीस वेगळे घ्यावे. मध्यम वाद्य आणि उत्तम माउथपीस ही जोडी, उत्तम वाद्य आणि भिकार माउथपीस या जोडीहून कितीतरी सुरेल वाजते. पत्ती वेताची असते. दक्षिण फ्रान्समध्ये पिकणारा वेत त्यासाठी नावाजलेला आहे. पत्तीवर तिच्या कठीणपणाचा आकडा छापलेला असतो. नवशिक्याला दोन किंवा अडीच पुरे; बँडमधील मोठ्यांचे पाहून तीन-साडेतीनची कठीण पत्ती लावली तर मुलाचे गाल दुखतात आणि सूर मात्र निघत नाही. एकच पत्ती मोडेपर्यंत वाजवू नये. तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापरल्या म्हणजे सगळ्याच अधिक टिकतात. वारंवार पत्त्या आणणे परवडत नसेल तर कृत्रिम पत्ती मिळते. ती महाग असली तरी पुष्कळ महिने चालते, आणि कोरड्या हवेत वेडीवाकडी होत नाही.

खरेदी कोठे करावी? बँडच्या वाद्यांचा मोठा व्यवसाय उत्तर प्रदेशात मेरठच्या जली कोठी भागात आहे, आणि देशभरचे बँडवाले तेथील वाद्ये वापरतात. ती सगळी वाईट अशी एक समजूत आहे, तशी सगळी चांगली अशीही आहे. हाताने घडविलेल्या वस्तूत नगानगाला फरक असावयाचाच. तेव्हा नावावर न जाता हातातला नग वर सांगितल्याप्रमाणे तपासावा. घरबसल्या मागविलेल्या वाद्याच्या बाबतीत परत करण्याची मुदत किती आहे हे आधी विचारावे, आणि डबा येईल त्याच आठवड्यात तो गुरुजींपुढे उघडावा. मुदत टळल्यावर कळलेली गळती आपलीच होते. दुरुस्तीचा कारागीर कोण आणि तो किती दूर, हेही खरेदीपूर्वीच शोधून ठेवावे. बऱ्हाणपूर मुंबईच्या रेल्वेमार्गावर आहे, भुसावळ-जळगाव जवळ आहेत. तरी एका गादीसाठी दरवेळी गाडी पकडणे गरिबाला झेपत नाही. गावातल्याच एखाद्या बँडमध्ये गाद्या बदलणारा हात असेल, तर त्याच्याशी आधीपासून ओळख असावी.

जुने वाद्य घ्यावयाचे तर चातुर्मासाचे दिवस बरे. हिंदूंची लग्ने त्या काळात थांबलेली असतात, बँडवाल्यांना सवड असते, आणि सवडीतला वादक चार वाद्ये फुंकून दाखवून खरे काय ते सांगतो. लग्नसराईत त्याच माणसाला विचाराल तर तो हात हलवून पुढे निघून जाईल. परीक्षेची एक चांगली रीत आहे: मुलाने पाठ करून उभे राहावे, गुरुजींनी दोन-तीन वाद्ये एकाच माउथपीसने वाजवावीत, आणि कोणते आवडले ते मुलाने किंमत न ऐकता सांगावे. त्यानंतर मुलाने स्वतः त्याच वाद्यांवर खालचे लांब सूर काढून पाहावेत. ज्या वाद्यावर त्याला सर्वांत कमी जोर लावावा लागतो, त्याच्याकडे कल असावा.

वयाविषयी थोडक्यात एवढेच, की समोरचे पक्के दात आलेले असावेत आणि बोटांच्या पेरांनी भोके पूर्ण झाकली जावीत. नऊ-दहा वर्षांपूर्वी घाई करू नये. वाद्याचा सारा भार उजव्या अंगठ्यावर येतो; लहान हाताला गळ्यात अडकविण्याचा पट्टा द्यावा.

वाद्य घरी आल्यावर रोजचे काम फारसे नाही, पण ते चुकवू नये. वाजवून झाल्यावर दोरी बांधलेले सुती फडके आतून ओढून ओल पुसावी, पत्ती सोडून तिच्या घरात ठेवावी, आणि सांध्यांच्या बुचांना अधूनमधून किंचित ग्रीस लावावे. पावसाळ्यात डब्यातली ओल गाद्यांना बुरशी आणते आणि पोलादी स्प्रिंगांना गंज. म्हणून कोरड्या दिवशी डबा थोडा वेळ सावलीत उघडा ठेवावा. उन्हाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते. गाद्या बहुधा लाखेने किंवा तशाच डिंकाने चिकटविलेल्या असतात, आणि उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या छताखाली दुपारभर वाद्य राहिले तर लाख पाघळून गादी जागेवरून सरकते. प्लास्टिकच्या वाद्यालाही हे चुकत नाही. लालबागेतल्या पत्र्याच्या घरांत मे महिन्यात डब्याची जागा खालच्या अंगाला, भिंतीच्या गार कोनाड्यात असावी. आणि शिकवणीहून भर दुपारी परतणाऱ्या मुलाने तो सायकलीच्या कॅरिअरला बांधण्याऐवजी ओल्या पंच्यात गुंडाळून खांद्याला लावावा.